किल्ली फिरली, गाडी गप्प

आत्याने आरसा पाहिला, पट्टा लावला, गिअर हलवून बघितला आणि मग किल्ली फिरवली. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती सगळ्यांना याच क्रमाने शिकवायची. गाडी फक्त 'टक्' असं बोलली आणि गप्प झाली.

पुन्हा किल्ली, पुन्हा 'टक्'. हॉर्न दाबला तर घसा बसलेल्या माणसासारखा घोगरा आवाज आला. शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईंनी गुपचूप पट्टा सोडला.

पायरीवर बसलेली मुंगी उठून उभी राहिली. मुंगी ही आत्याची भाची. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं; एका जागी पाय ठरत नाही म्हणून ती सगळ्यांची मुंगी. सुट्टीला ती आत्याकडे आली आणि त्याच आठवड्यात गाडीचं हे दुखणं सुरू झालं. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती, पण अजून कोणी बोललं नव्हतं.

आज मिस्त्री बोलला. त्याने आपल्या बॅटरीच्या वायरी जोडून गाडी कशीबशी चालू करून दिली आणि हात पुसत म्हणाला, "बॅटरी मी परवाच नवी घातली, ताई. तिचा काही दोष नाही. गाडी उभी असताना कोणीतरी काहीतरी चालू ठेवतंय. घरात सुट्टीची पोरं आहेत ना?"

आत्याने मुंगीकडे पाहिलं. रागावली नाही, पण गाडीला कोणीही बोट लावायचं नाही, लावलं तर पहिल्या बसने घरी, असं बजावून ती शिकवायला निघून गेली.

मुंगीने आल्या दिवशी गाडीत बसून रेडिओ ऐकला होता. उठताना बंद केला होता का? केला होता. बहुतेक. हा 'बहुतेक' तिला दाताखाली आलेल्या खड्यासारखा छळत होता. कारण उद्या सकाळी परवान्याचे साहेब येणार होते. गेल्या गुरुवारी ते आले, तेव्हा गाडी त्यांच्यासमोरच 'टक्' म्हणाली होती. उद्याही तसंच झालं, तर शाळेचा परवाना रद्द करावा लागेल असं ते स्पष्ट सांगून गेले होते. ही शाळा आत्याने एकटीच्या हिमतीवर उभी केली होती. कालपासून ती घास हातात धरून नुसती बसून राहायची, आणि ते मुंगीला बघवत नव्हतं.

"तुझा रेडिओ रोज आपणहून चालू होतो का?" प्रोफेसर म्हणाला. हा आत्याचा थोरला मुलगा. चष्म्यामुळे प्रोफेसर झाला होता आणि आता ते नाव निभावत होता. "एकदा विसरलीस तर बॅटरी एकदाच उतरेल. ही रोज उतरते. म्हणजे चोर रोज येतो."

"रोज कुठे?" धाकटा ढोल्या म्हणाला. त्याचं तोंड भरलेलं होतं. ते कायमच भरलेलं असायचं. "सोमवारी झाली की झटक्यात चालू. बाबा म्हणालेच, माझा हात लागला की गाडी सुतासारखी सरळ येते."

मुंगीने कान टवकारले. रविवारी गाडी काकांनी, म्हणजे ढोल्याच्या बाबांनी, नेली होती. घरातलं सामान आणलं, फुशारक्या मारल्या आणि आत्याच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या कशाबद्दल, ते मात्र तिला आठवेना.

"दादा, चोर पकडायचा कसा?" तिने विचारलं.

प्रोफेसरने खिशातून जुन्या स्कूटरचा एक बारका दिवा काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मधे हा दिवा लावायचा, असं त्याने समजावलं. गाडीतलं सगळं बंद असेल तर दिवा पेटणार नाही. पेटला, तर कोणीतरी चोरून वीज पितंय हे नक्की. मिस्त्रीने हे करायला हवं होतं, पण पोरांवर ढकलणं जास्त सोपं.

दुपारी आत्या परत आली. तिने गाडीच्या छतावरची शाळेची पाटी उतरवून डिकीत ठेवली आणि आतल्या खोलीत वाहतुकीच्या खुणा शिकवायला बसली. मुंगी दारात घुटमळली. खुंटीवर किल्ली होती आणि डोळ्यांसमोर पहिली बस. पण आत्याच्या हातातला तो घासही दिसत होता. तिने किल्ली उचलली.

बॉनेट उघडलं, वायर सोडली, दिवा जोडला. दिवा पेटला!

"सापडला," प्रोफेसर कुजबुजला, आणि मग त्याने आत पाहिलं. ढोल्या ड्रायव्हरच्या सीटवर दार उघडं टाकून ऐटीत बसला होता. दाराबरोबर आतला दिवा लागतो, हे कार्ट्याच्या गावीही नव्हतं. त्याला कॉलर धरून बाहेर काढलं, दार बंद केलं, आतला दिवा विझला. स्कूटरचा दिवा थोडा मंदावला, पण विझला नाही.

आता प्रोफेसर बॉनेटखालच्या डब्यातले फ्यूज एकेक उपटून परत बसवू लागला. हॉर्नचा काढला, दिवा तसाच. रेडिओचा काढला, तरी तसाच. मुंगीने इतका मोठा श्वास सोडला की प्रोफेसरने वळून पाहिलं. म्हणजे ती चोर नव्हती! पण चोर कोण, हे कळल्याशिवाय उद्याची सकाळ टळणार नव्हती.

बल्बचं चित्र असलेला फ्यूज काढला आणि दिवा पटकन विझला.

"यावर दोनच दिवे आहेत," प्रोफेसर म्हणाला. "आतला, तो तर विझलाय. आणि डिकीतला."

"पण डिकी बंद आहे," ढोल्या म्हणाला. "बंद डिकीत दिवा जळतोय हे बघायचं कसं? मी आत जाऊन बसू?"

"अजिबात नाही. गुदमरशील," प्रोफेसरने खडसावलं. मुंगी मात्र तोपर्यंत घरात धावली होती. ती आत्याचा जुना मोबाइल घेऊन आली. फ्यूज परत बसवला, मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं आणि तो पाटीशेजारी ठेवला. डिकी लावायला तिने हात घातला आणि थबकली.

आत्या डिकी कशी लावते? दोन बोटांनी, झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तशी. 'गाडीला आपटाल तर मला आपटाल' हे शाळेतलं पहिलं वाक्य होतं. आणि रविवारी काकांना शिव्या बसल्या त्या यासाठीच! दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून त्यांनी कोपराने डिकी धाडकन लावली होती.

तिने दोन बोटांनी डिकी लावली, मग उघडून मोबाइल पाहिला. चित्रात पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दुसऱ्यांदा तिने मोबाइल ठेवला, डोळे मिटले आणि डिकी आपटली. धाडकन!

खोलीतला आवाज थांबला. आत्या दारात आली आणि उघडं बॉनेट, सुटलेली वायर, तिघं पोरं बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"उद्या साहेब येणार, आणि तुम्ही गाडी खोलून बसलात?" ती म्हणाली.

मुंगी पुढे झाली. तिने डिकी उघडली, मोबाइल काढला आणि आत्याच्या हातात दिला. पहिल्या चित्रात लख्ख उजेड. दुसऱ्यात धाडकन आवाज आणि मागोमाग काळाकुट्ट अंधार.

"पहिली तुझी डिकी, आत्या," मुंगी चाचरत म्हणाली. "दुसरी काकांची. तू हळू लावतेस, म्हणून ती पूर्ण बसतच नाही. आत दिवा रात्रभर जळतो."

"पण वर्षानुवर्षं मी अशीच लावतेय."

"नवं रबर," प्रोफेसर म्हणाला. मुंगी आली त्या दिवशी डिकीत धूळ शिरून तिची बॅग माखली होती, म्हणून आत्याने लगोलग डिकीला जाड रबर बसवून घेतलं होतं. त्या रबरावर दोन बोटांचा जोर पुरत नव्हता.

आत्याने डिकीच्या रबरावरून बोट फिरवलं. मग तिने मुंगीला जवळ ओढून घट्ट धरलं. "आणि मी तुझ्याकडे तसं पाहिलं," ती म्हणाली. मुंगीला रडू आलं आणि ते तिने आवरलंही नाही. वायर परत जोडली गेली. संध्याकाळी फेरी मारून बॅटरी भरून आली, तेव्हा आत्याने मन घट्ट करून डिकी आपटली.

सकाळी साहेब आले. आरसा, पट्टा, गिअर. मुंगीने ढोल्याचा दंड इतका आवळला की त्याचा घास अडकला. आत्याने किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

साहेबांनी दूरवर फेरी मारली, परवान्यावर सही केली आणि निघताना सौजन्याने छतावरची पाटी उतरवून डिकीत ठेवली. मग माणूस सभ्य असल्यामुळे त्यांनी डिकी दोन बोटांनी अलगद टेकवली.

"साहेब," आत्या कडक आवाजात म्हणाली, "आपटा."

साहेब दचकले. "काय म्हणालात?"

आत्याने मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. "आपटा. या आमच्या इलेक्ट्रिशियनबाई. त्यांचा नियम आहे, आणि या गाडीवर आता त्यांचं ऐकावं लागतं."

साहेबांनी एकदा मुंगीकडे, एकदा आत्याकडे पाहिलं आणि डिकी धाडकन लावली.