ग्लासावरची चकती

ती चकती आधी उचल, फ्रेया. ग्लासावरची, पुठ्ठ्याची. ग्लासाखाली ठेव, पर्समध्ये टाक, हवी तर घरी ने, पण ग्लासावर ठेवून जाऊ नकोस. आईला फोन करायचाय ना? जा, करून ये. तुझ्या बिअरच्या पाइंटवर टोबी लक्ष ठेवेल आणि टोबीवर मी लक्ष ठेवतो.

आलीस? बस. आता विचार, "आजोबा, हे काय नवीन खूळ?"

खूळ नाही. अख्ख्या लंडनात रिवाज आहे, ग्लासावर चकती ठेवली की त्याचा अर्थ एकच, मी परत येतोय, उचलू नका. माणूस सिगारेट ओढायला जातो, बायकोशी भांडायला जातो, चकती ठेवून जातो. कुठलाही शहाणा बारवाला त्या ग्लासाला हात लावत नाही. फक्त या पबात तसं करायचं नाही. इथे कुणीच करत नाही. बघ ना, एक तरी ग्लास झाकलेला दिसतोय?

तुम्ही दोघं फोनमध्ये बघून जुने पब पालथे घालत फिरताय, फिरा. या 'स्प्लिट ओअर'बद्दल काय लिहिलंय त्यात? तीनशे वर्षं जुना, मागे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, चाच्यांचा अड्डा. डोंबलाचे चाचे! इथे कोळशाच्या होड्या वल्हवणारे बसायचे, आणि त्यांच्या बायका त्यांना कानाला धरून घरी न्यायच्या. जे खरं घडलंय ते फोनमध्ये नाही. ते मला माहितेय, कारण मला ते हिने स्वतः सांगितलंय. ती बघा, काउंटरमागे, निळा स्वेटर. कोरल. मालकीण. माना वळवू नका रे एकदम! आणि आवाज खाली.

मागच्या वर्षीची गोष्ट. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. मी सकाळी इथे आलो ते कामाला. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, तळघरातल्या पिंपांपासून वर नळापर्यंत बिअर येते त्या नळ्या धुवायच्या. चाळीस वर्षं धुतल्या, आता निवृत्त झालो तरी दोन-चार जुने पब सुटत नाहीत. आदल्या दिवशी कोरलचा फोन आला होता. "रॉन, उद्या क्लाइवला पुरायचंय. दुपारी सगळे इथे येतील. बिअर चांगली लागली पाहिजे रे."

क्लाइव म्हणजे तिचा नवरा. तळघर त्याचं, काउंटर तिचं, अशी त्यांची वाटणी. माणूस भला, पण पायाला भिंगरी. सारखा खाली-वर. काउंटरच्या त्या टोकाला, खांबापाशी त्याचा पाइंट ठेवलेला असायचा. एक घोट घ्यायचा की चालला खाली पिंप बघायला. तो वळला की कोरल त्याच्या ग्लासावर चकती ठेवायची. बोलणं एकाशी, पैसे दुसऱ्याचे, आणि हात आपला चकती ठेवतोय. लग्न झाल्यापासून रोज. तो एका मंगळवारी मटार आणायला गेला, बस येईपर्यंत म्हणून थांब्यावर टेकला, आणि बस आली तरी उठला नाही.

मी नळ्या धुतल्या, वर आलो. कोरल सँडविच कापत होती. मी म्हटलं, "कोरल, बाई, जरा बस की." तर म्हणते, "काकडी पुरेल का रे?" मग सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "रॉन, मला काहीच होत नाहीये. दात काढल्यावर गाल कसा असतो, तसं. आपलाच आहे, पण चिमटा काढला तरी कळत नाही. मी रडलेसुद्धा नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

मी म्हटलं, "उतरेल." मला वाईट वाटलं फार. क्लाइवपेक्षा तिचंच जास्त वाटलं.

दुपारी त्याला पुरून सगळे इथे आलो. आता या घराची एक रीत आहे, नावाड्यांपासून चालत आलेली. गेलेल्या माणसाचा एक पाइंट भरून त्याच्या जागेवर ठेवायचा. उघडा. रात्री पब बंद करायची घंटा झाली, मालकाने "वेळ झाली, मंडळी" म्हटलं, की तो मागच्या पायऱ्यांवरून नदीत ओतायचा. झालं. माणूस सुटला.

कोरलने पाइंट भरला, खांबापाशी ठेवला. फेस अगदी काठोकाठ. आम्ही सगळ्यांनी ग्लास उंचावले. म्हाताऱ्या सिडने, जुना नावाडी तो, क्लाइवची एक चावट आठवण सांगितली, लोक हसले. कुणीतरी व्हिनेगरमधली अंडी मागितली. कोरल बरणी घ्यायला त्या टोकाला गेली. येता येता तिच्या हाताने एक चकती उचलली आणि क्लाइवच्या ग्लासावर ठेवली.

तिला कळलंही नाही. अंडं देऊन ती पुढच्याकडे वळली.

पण आम्ही पाहिलं. हसणं थांबलं. सिड म्हणाला, "कोरल, अगं ती चक..." आत्ताच नवऱ्याला पुरून आलेल्या बाईला काय सांगायचं? की तू त्याला परत ये म्हणून सांगितलंयस? सगळ्यांनी आपापल्या ग्लासात तोंड घातलं. रात्री ती इतकी थकली होती की ना घंटा झाली, ना पाइंट नदीत गेला. लोक आपले आपण उठून गेले. तिने दिवे मालवले आणि वर झोपायला गेली.

यापुढचं तिने सांगितलेलं.

मध्यरात्र उलटून गेली होती. ती जागीच होती. खाली तळघराचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या झाकणाची बिजागरी कुरकुरते, तुम्ही मघाशी ऐकलीत. मग पायऱ्यांवर बूट. चढणारे. मग काउंटरमागची फळी वाजली. मग काही नाही.

ती खाली आली. दिवा लावला. कुणी नव्हतं. क्लाइवच्या ग्लासातली बिअर एक घोट कमी झाली होती, आणि चकती जागच्या जागी होती.

मी विचारलं, "घाबरली नाहीस?"

"नाही. बरंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. ग्लास कमी झाला होता, मी भरला. तेच तर करते मी जन्मभर."

दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्रीही. ती रोज ताजा पाइंट भरायची, त्यावर चकती ठेवायची, दिवे मालवून जिन्यात बसायची. दिवा असला की तो यायचा नाही. अंधारात यायचा. दिसायचा नाही, पण घोट घेतल्याचा आवाज यायचा. ती हाक मारायची, "क्लाइव?" की आवाज थांबायचा. एक शब्द नाही. तिला एवढंच हवं होतं की त्याने काहीतरी बोलावं, म्हणजे तिला रडू फुटेल. तो बोलला नाही. तिला रडू आलं नाही.

पंधरवड्याने मी नळ्यांना आलो तर मला ती ओळखू येईना. ओठ निळे. गालांची हाडं वर आलेली. हीटर धडाडत होता आणि आत मात्र गारठा, माझ्या तोंडातून वाफ निघत होती. गिऱ्हाईक दोन-तीन. मार्गेट गावातली तिची बहीण तिला नाताळला बोलावत होती, त्यावर म्हणते, "मी गेले तर त्याचा ग्लास कोण भरेल?" जेवलीस काय, मी विचारलं. "आठवत नाही." मग अगदी सहज म्हणाली, "परवा रात्री मला जाग आली ती तळघरात, रॉन. अनवाणी. शेवटच्या पायरीवर. आणि काल... काल पायरीच्याही पुढे."

पुढे कुठे, ते मी विचारलं नाही.

मी तडक सिडकडे गेलो. तो म्हणाला, "मेलेला माणूस वाईट नसतो. त्याला वाटतं त्याला बोलावलंय. पण त्याला इथे राहता येत नाही, मग तो हिला तिकडे नेणार. दुसरं काय करेल बिचारा?" आणि मग आला काठी टेकत, कोरलसमोर उभा राहिला. "पोरी, तू ठेवलीस, तूच उचल. या घरात वेळ झाली म्हणायचा हक्क मालकिणीचा. आमच्यापैकी कुणी म्हटलं तर तो ऐकणार नाही. आणि तू म्हटलं नाहीस, तर नाताळला आम्ही इथे तुझा पाइंट भरू."

ती म्हणाली, "मग काय बिघडलं?"

टोबी, एवढं थंडपणे म्हणाली ती. मी मात्र चिडलो. म्हटलं, "आमचं बिघडेल! आम्ही काय दगड आहोत? तुला काही वाटत नसेल, आम्हाला वाटतं!" तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

सहा डिसेंबर. शुक्रवार. तिने सगळ्यांना लवकर घालवलं, मलासुद्धा. पाइंट भरला. चकती ठेवली. दिवे मालवले. त्या रात्री जिन्यात नाही, काउंटरमागे उभी राहिली. ग्लाससमोर.

भरती होती. पाणी मागच्या भिंतीला लागत होतं.

झाकण उघडलं.

बूट. एक पायरी. दुसरी...

फळी वाजली. तिच्या शेजारीच.

तिला ओल्या पोत्यासारखा तळघराचा वास आला. त्याच्या कोटाला यायचा, तोच. तिने उजवा हात पुढे केला. अंधारात ग्लास सापडला. बोटं चकतीवर ठेवली.

आणि तिच्या हातावर हात आला.

थंड नव्हता, म्हणाली. गरमही नव्हता. नुसतं वजन.

"क्लाइव..."

काही नाही.

"क्लाइव, मला उचलू दे."

वजन वाढलं. बोटं ग्लासाच्या काठावर दाबली गेली. तिला दुखलं नाही. त्याचीच तिला भीती वाटली. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ती भीती. कारण ते बधिरपण हातातून वर चढत होतं. मनगट. कोपर. जिथे जिथे चढत होतं तिथला हात नाहीसा होत होता. आणि ते फार... बरं होतं, म्हणाली. झोप यावी तसं. नुसतं उभं राहायचं. बाकी काही करायचं नाही.

खांद्यापर्यंत आलं.

तेव्हा ती बोलली. घंटेपर्यंत डावा हात पोहोचत नव्हता. नुसतीच बोलली.

"वेळ झाली, मंडळी."

पाणी भिंतीला लागत होतं.

"वेळ झाली, राजा. ग्लास संपव. मला बंद करायचंय."

...

...

मग खांद्यात मुंग्या आल्या. मग कोपरात. वजन उतरत उतरत मनगटाशी आलं. तिथे थांबलं. थोडा वेळ थांबलं. मग उठलं. तिने चकती उचलली. ग्लासापाशी मोठा, सावकाश, शेवटचा घोट घेतल्याचा आवाज आला. नदीच्या पायऱ्यांकडचं मागचं दार उघडलं आणि नदीचा वारा आत आला.

बस्स.

सकाळी मला राहवेना, उजाडता उजाडता आलो. दार सताड उघडं. कोरल जमिनीवर बसलेली, काउंटरला टेकून, आणि रडत होती. असं रडणं मी ऐकलेलं नाही. मोठ्याने, शेंबूड गाळत, लहान पोरासारखं. "मटारच आणायला गेला होता रे तो, रॉन! मटारच!" मीही बसलो तिच्याशेजारी आणि लागलो रडायला, लाज कसली त्यात? मग ती उठली, म्हणाली, भूक लागलीय. तीन अंडी खाल्ली. नाताळला मार्गेटला गेली. आता बघताय ना, लोकांना कशी फैलावर घेते ती? बाई वाचली.

काय, टोबी? "म्हाताऱ्याची थाप"? असेल. दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, मीही तेच म्हटलं असतं. त्या सकाळी अंडी तळताना तिने तापलेला तवा उजव्या हाताने धरला आणि माझ्याशी बोलत राहिली. जळका वास मला आला, तिला नाही. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या, नसा तपासल्या. हात चालतो, ग्लास भरतो, सगळं करतो. मनगटाच्या पुढे कळत मात्र काही नाही. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही.

श्श. येतेय ती. फ्रेया, रिकामा ग्लास तू दे तिच्या हातात.

"हो कोरल, छान होती बिअर. नळ्या कुणी धुतल्यात! ... हो, नात माझी. आणि हा तिचा मित्र, असं ती म्हणते."

...

गेली.

दिसला हात? त्या सहा डिसेंबरच्या संध्याकाळी तिने नखं रंगवली होती. दहाही. नवऱ्याला निरोप द्यायचा तर नीट दिसावं म्हणून, लाल. डाव्या हाताचा रंग नखं वाढता वाढता कधीच निघून गेला, ती दर रविवारी कापते.

उजव्या हाताचा तोच आहे, फ्रेया. टवके उडालेत, पण अजून अगदी मुळाशी. वर्ष झालं. त्या नखांना कात्री लावावी लागलेली नाही.