तिसरी हाक

बस गं तेजल, त्या वेताच्या खुर्चीत बस. आधी चहा घे. रविवारी माझी साहाय्यक म्हणून तू पहिल्यांदा विंगेत उभी राहणार, म्हणजे हे तुला कळायलाच हवं. तिथे मध्येच किंचाळलीस तर माझी वाट लागेल.

मी कंडक्टर आहे म्हटलं की कांजूरमार्गातले लोक अजून विचारतात, कुठल्या डेपोला? विचारू देत. माझे बाबा, धम्मपाल मास्तर, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. वरातीत त्यांच्या पुढे हात हलवत चालायची मी, चार वर्षांची. ताल तिथेच अंगात शिरला. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, अकरा वर्षं परदेशात ऑपेरा केले, मग परत येऊन हा आपला चाळीस जणांचा वाद्यवृंद उभा केला. खोटं कशाला बोलू, सुखात आहे मी. फक्त एक गोष्ट सलायची.

आपला मनोरीचा ऑपेरा मी लिहिला, तेव्हा पहिल्यांदा बाबांनाच पियानोवर ऐकवला. किनाऱ्यावर मंजुळा नवऱ्याची वाट बघते. पडद्यामागून ट्रम्पेट वाजतो, ती त्याच्या होडीची हाक. पहिली लांबून, दुसरी जवळून. मग मी मनात चार मोजेपर्यंत नुसती शांतता. होडी बुडाली.

बाबा असे चिडले! "आणि तिसरी हाक कुठाय? घरी आण की त्या माणसाला!"

"तिसरी नाहीये, बाबा."

पुढच्याच आठवड्यात ते तालमीला आले. ट्रम्पेट घासून लखलखीत केलेला, तोंडात लवंग. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाबा, इथे कागद वाचून वाजवतात. तुम्हाला नाही जमायचं."

"कागद तू वाच ना, सपे. तू नुसता हात दाखव, मी येतो."

"नको. लोक हसतील."

तेच हसले. ट्रम्पेट पिशवीत घातला आणि गेले. त्या डिसेंबरात वारले. माझी जीभ झडली का नाही तेव्हा, असं रोज वाटायचं मला.

पैसे जमवता जमवता पहिला खेळ व्हायला पुढे सहा वर्षं गेली. मुलुंडला होता, दुपारी चारचा. मध्यंतरात कृणाल, तेव्हाचा माझा साहाय्यक, पांढराफटक होऊन आला. "मॅडम, विकी पवईला अडकलाय. पोचत नाही तो." विकी म्हणजे पडद्यामागचा ट्रम्पेट. मी म्हटलं, जाऊ दे यार, हाका गाळू.

पण हाताला सवय असते गं. ती जागा आली आणि डावा हात आपोआप वर गेला.

...आणि हाक आली. लांबून. अगदी मोजून, जागेवर.

मला वाटलं, पोचला वाटतं विकी. झकास! विंगेकडे बघितलं तर कृणाल एकटाच उभा. माझ्याकडे बघून मान हलवत होता. नाही... नाही...

दुसरी हाक जवळून यायची होती. हात खाली ठेवला असता तर तिथेच संपलं असतं. तेवढ्यात मागून वास आला. पितळेच्या पॉलिशचा. आणि लवंगेचा.

मी हात दाखवला. हाक आली, प्रेक्षकांच्या मधल्या रांगांतून. एकानेही मान वळवली नाही.

मग शांतता. एक... दोन... माझ्या मानेवर कुणीतरी श्वास भरून घेतला. वाजवायच्या आधी वादक घेतो तसा. भरला आणि थांबला. वाट बघत. मी जन्मभर वादकांचे श्वास ओळखत आले, मला कळणार नाही कुणाचा तो?

तीन...

मला भीती वाटत होती, तेजल, खूप वाटत होती. पण दुसऱ्यांदा त्यांना परत पाठवायचं? मी डावा हात वर केला, हा असा.

तिसरी हाक माझ्या कानाशी वाजली. कागदावर नसलेली. तिकडे मंजुळाचं काम करणारी हेमांगी खरोखरची रडायला लागली आणि लोक उभे राहिले. रात्री मी सहा वर्षांनी शांत झोपले.

टाळ्या संपल्यावर खाली बघितलं. माझ्या डाव्या बाजूला चमचाभर पाणी सांडलेलं. ट्रम्पेटमध्ये श्वासाची वाफ साचते ना, ती कळ दाबून खाली सोडतात. बाबा दोनदा टिचकी मारून सोडायचे. टक टक. तेव्हापासून प्रत्येक खेळाला असतं ते. मी पुसत नाही.

म्हणून सांगते, रविवारी विकी दोनच हाका वाजवेल. तिसरीला ओरडायचं नाही, मागे बघायचं नाही. त्यांचा ट्रम्पेट ना? तो काय, तुझ्या डोक्यावर खिळ्याला. ते गेल्यापासून मी खाली काढलेला नाही.

काय झालं? चहा का ठेवलास?

लवंग? नाही गं, मी चहात लवंग घालत नाही.

थांब... मघाशी सांगताना मी हात वर केला का? डावा?

केला...

बरं. घाबरू नकोस. खुर्ची त्यांची आहे, पण ते काही म्हणायचे नाहीत. फक्त पाय जरा वर घे, तेजल. ओला होईल.