हेमराजच्या कपड्यांचं गाठोडं

शपथेवर सांगतो, यातला शब्द न शब्द खरा आहे. एकदोन ठिकाणी तिखटमीठ लागलं असेल, पण गाठोड्यांना मी हात लावलेला नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लोणखेडा. गुरुवार, दुपारचे अडीच.

रात्र नव्हती, त्याबद्दल माफी. मेमधल्या दुपारी आमच्याकडे भूतसुद्धा रस्त्यावर फिरत नाही.

मी थोरल्या भावाकडे, हेमराजकडे, सुटीला गेलो होतो. शीलावहिनींनी कपड्यांच्या घड्या घालणारा रोबोट घेतला होता. दोन हात, एक कॅमेरा. कुठला कपडा कुणाचा ते ओळखायचा आणि चौघांच्या चार थप्प्या लावायचा. आई, भाऊ, वहिनी, पुतणी रविना.

त्या दिवशी थप्प्या तीनच होत्या.

हेमराजची नव्हती...

आतून कापड ओढल्याचा आवाज आला. सर्र... मग काहीच नाही.

मागच्या दाराबाहेर गाठोडं होतं. हेमराजचे शर्ट, पँटी, बनियन. चादरीत बांधलेले. वर गच्च गाठ.

आमच्या घरात माणूस गेला की त्याचे कपडे असेच बांधून मागच्या दाराबाहेर ठेवतात. उंबरा ओलांडलेलं गाठोडं परत आत येत नाही.

मी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, त्याला गाठ मारता येत नाही. ती सोय पुढच्या मॉडेलमध्ये आहे.

हेमराज मोटरसायकलने नंदुरबारला निघाला होता. आईने आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आज घरमाच ऱ्हाय. गाडीले हात लावू नको."

"माय, ते मशीन शे."

"मशीनले काय दिखनं, ते तुले म्हाईत शे का?"

तो गेला नाही. गाठोडं आईने गोमाई नदीच्या पलीकडे पाठवलं.

शुक्रवारी दुसरं.

शनिवारी वहिनींनी रोबोटची बॅटरी काढून कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

रविवारी अडीच वाजता... सर्र.

आम्ही पाचही जण पुढच्या खोलीत होतो.

मागच्या दारात तिसरं गाठोडं. रविनाने मोबाईलवर ॲप उघडलं. घरातील सदस्य : तीन.

तिने वडिलांना रोबोटसमोर उभं केलं. कॅमेरा वळला. हेमराजच्या आरपार, मागच्या भिंतीकडे बघत राहिला...

मग दोन्ही हात पुढे आले.

त्याच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं.

दुसरं...

हळूच. आजोबांना शेवटची आंघोळ घालताना काकांनी त्यांची बटणं सोडली होती, तशी.

हेमराजने उरलेली बटणं स्वतःच सोडली, शर्ट त्या हातांत दिला आणि मागे सरकला.

सोमवारी कंपनीने रोबोट परत नेला. आम्ही कारण विचारलं तर फॉर्मवर सही मागितली. दुपारी अडीचला मी अजून कुठल्याच घराच्या मागच्या दाराकडे बघत नाही.

हेमराज ठणठणीत आहे. मंगळवारी तो माझी पँट घालून कामावर गेला. त्याला ती आखूड होते.