पंपघरातल्या तीन तारखा

"सम्राट, हात लावू नकोस! कार्ड असं ओढायचं नसतं!"

"ओढत नाहीये गं ताई, नुसतं बघतोय! दिवा बघ ना, लालच आहे!"

पंपघराच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत तिघांनी डोकी घातली होती. सुट्टीत भिंगारहून आजोबांकडे आलेली सीमा, तिचा धाकटा भाऊ सम्राट आणि शेजारच्या मळ्यातला करण. पेटीत तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता आणि त्यात खोचलेलं, माहिती साठवणारं काडेपेटीएवढं कार्ड. सीमाची जयमाला आत्या सुप्याच्या कारखान्यात इंजिनियर होती. तिनंच हा चिमुकला संगणक वस्तीसाठी बनवला होता. वीज आली की तो मोटर सुरू करी आणि टाकी भरली की बंद करी. स्वतः मात्र तो खालच्या बॅटरीवर चाले.

१९९९ सालचा मे महिना होता. सोनईजवळच्या त्या वस्तीवर तेव्हा वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा काही नेम नसे. मोबाईल कुणी पाहिलासुद्धा नव्हता. संगणक आल्यापासून बायकांचं विजेची वाट बघत बसणं संपलं होतं. पण गेल्या दहा दिवसांत तिसऱ्यांदा टाकी कोरडी पडली होती!

"काय रं पोरांनो, झालं का सुरू तुमच्या आत्याचं खोकं?" रिकामी घागर कमरेवर घेऊन छबूबाईंनी दारातून विचारलं.

"न्हाई व्हायचं ते!" पंप सांभाळणारे छगननाना बाजेवरूनच म्हणाले. ते करणचे चुलते. "सरपंच म्हनलेत, शुक्रवारच्या बैठकीत काढूनच टाकू. पोरीबाळींनी केल्याली मशीन कुटं टिकत्यात व्हय!"

सीमाचे कान तापले. ही पेटी बसवायला आत्या तीन दिवस भर उन्हात शिडीवर उभी होती.

"चला रे," ती हळूच म्हणाली. "आत्याला फोन करू!"

दोन सायकली सोनईच्या एसटीडी बूथकडे सुटल्या. काचेच्या खोलीत तिघं दाटीवाटीनं उभी राहिली. मीटरचे लाल आकडे पळत होते.

"घाबरू नका," आत्याचा आवाज आला. "आजोबांच्या ट्रंकेत छोटा स्क्रीन आणि कीबोर्ड आहे, ते जोडा. यंत्र विचारेल, दुरुस्ती करू का? हो म्हणायला 'वाय' दाबा. मग इंग्रजी अक्षरांत 'तपास' लिहा. ती मी लिहिलेली स्क्रिप्ट आहे."

"स्क्रिप्ट? नाटकाची?" सम्राट ओरडला.

"तसंच समज! लिनक्सनं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, एकामागून एक काय करायचं ते त्यात लिहिलंय. कार्ड बघ, घड्याळ बघ, बॅटरी बघ. सगळ्या ओळी वहीत उतरवा. आणि सीमा, अंदाज बांधू नकोस. आधी वाच."

तासाभरानं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर उमटू लागली. सीमा वाचत होती, सम्राट लिहीत होता. घड्याळ ठीक. बॅटरी ठीक. आणि मग, मोटरची फाईल सापडत नाही!

"म्हणजे कार्डावरची फाईल बिघडलीय," सीमा म्हणाली. "पण कशानं?"

यंत्र दर पाच मिनिटांनी कार्डावर एक ओळ लिहीत असे, चालू आहे एवढीच. त्या ओळी तीन ठिकाणी तुटल्या होत्या. पंधरा मे, दुपारी तीन पाच. एकोणीस मे, तीन पाच. तेवीस मे, तीन दहा. आधी दोनदा यंत्र नंतर आपोआप सुरू झालं होतं, तिसऱ्यांदा मात्र दिवा लालच राहिला.

"लाईट गेली असंल," करण म्हणाला.

"लाईट तर रोज जाते! मग यंत्र तीनच दिवस का बंद पडलं?"

सम्राटनं वहीचं मागचं पान उघडलं. तिथं वर्ल्डकपचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तो एकदम उठून उभा राहिला. "ताई! आफ्रिका, झिम्बाब्वे, केनिया! तिन्ही दिवशी भारताची मॅच होती! सव्वातीनला!"

करण उठला. तो बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसला. थोड्या वेळानं सीमा त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"नानांचा बारका टीव्ही बॅटरीवर चालतो," तो खाली बघत म्हणाला. "मला सायकल त्यांनीच शिकवली, सीमा. त्यांचं नाव तू नको घेऊस. मी घेतो."

बुधवारी, सव्वीस मेला, श्रीलंकेची मॅच होती. तीन वाजता वीज गेली. सीमा आणि सम्राट लिंबाच्या झाडाआडून बघत होते. छगननानांनी इकडेतिकडे पाहिलं, पेटीखालच्या बॅटरीचे चिमटे काढले आणि टीव्हीला लावले. पेटीतला दिवा विझला!

इकडे करण सरपंचांच्या ओट्यावर पोचला होता. "आप्पा, चला की! पंपघरात मॅच लागलीया!"

सरपंच गोरक्षनाथ आप्पा चार माणसं घेऊन खुशीत आले. नानांनी चटकन बाज झटकून दिली. पहिला चौकार गेला, टाळ्या पडल्या.

तेवढ्यात करणनं विचारलं, "आप्पा, वस्तीवर लाईट गेलीया. मग ह्यो टीव्ही चाललाय कशावर?"

सगळ्यांच्या नजरा वायरवरून सरकत पेटीखाली गेल्या. सीमा वही घेऊन पुढं आली आणि तिनं तिन्ही तारखा मोठ्यानं वाचल्या.

"मला काय ठावं, एवढ्यानं बिगडतं!" नाना पुटपुटले. "मॅच झाल्यावर परत लावत हुतो की."

"संगणक कार्डावर लिहीत असताना वीज तोडलीत, नाना," दारातून आवाज आला. फोननंतर नवं कार्ड घेऊन सुप्याहून एसटीनं आलेली जयमाला आत्या पदरानं घाम पुसत उभी होती. "चालत्या पेनाखालून वही ओढली, तर अक्षर फाटणारच."

नानांनी टीव्ही बंद केला. आपल्या हातानं चिमटे पेटीला लावले आणि करणच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस, पोरा. मला तोंडावर सांगायला पायजे हुतं कुनीतरी."

आत्यानं नवं कार्ड बसवलं आणि कीबोर्ड सीमाकडे सरकवला. "तपास तूच चालव."

सगळ्या ओळी ठीक आल्या! पाच वाजता वीज आली आणि कुणी बटण न दाबता मोटर घरघरली.

"शुक्रवारी ह्या तिघांनाच बैठकीला बोलवू," आप्पा म्हणाले. "पेटी राहू द्या की काढू, ते त्यांनाच विचारू. आन् जयमाला, माझं चुकलं. मी न बघताच बोललो."

"यांनी अंदाज केला नाही, आधी वाचलं," आत्या म्हणाली. "आमच्या कारखान्यात हे शिकवायला वर्ष जातं!"

टाकी भरेपर्यंत कुणीच घरी गेलं नाही. उन्हं उतरली, घागरींची रांग लागली, आणि मोटर आपोआप थांबली. त्या शांततेत छबूबाईंनी पहिली घागर भरली. डोक्यावर न घेता ती त्यांनी सीमापुढं धरली.

"पयली वंजळ तू पी, बाई. मग आमी."

सीमानं ओंजळ पुढं केली. पाणी विहिरीचं होतं, गार होतं. पुढं कितीतरी गावांचं पाणी ती प्यायली, पण ती चव तिला पुन्हा कुठं भेटली नाही.