खिडकीजवळची, चष्मेवाली

दिवा बारीक केला तरी चालेल, गोष्ट भर दुपारची आहे.

वहिनी जुन्या टपाल कचेरीच्या मागच्या दालनात बायकांना संगणक शिकवायची. कचेरी कधीच दुसरीकडे गेली होती, दालन तेवढं उरलं होतं. विद्यार्थिनी साऱ्या पन्नाशी ओलांडलेल्या आणि एकीला झाकावी नि दुसरीला काढावी अशा बोलघेवड्या. त्यांचे ईमेल बाहेरच्या जगात भलत्याच माणसाच्या गळ्यात पडू नयेत म्हणून वहिनी मला म्हणाली, "भावजी, वर्गातल्या वर्गात फिरेल असं टपाल करून द्या."

दिलं करून. एका जुन्या संगणकाला टपालवाला नेमलं, बाकीच्यांच्या तारा एका जोडखोक्यातून, म्हणजे हबमधून, त्याच्यापर्यंत आणल्या आणि बाहेर जाणारी तार उपटून टाकली. चाचणी झकास झाली.

दुसऱ्या दिवशी तपासनीसबाई आल्या. वर्गानं त्यांच्यासमोर एकमेकींना ईमेल धाडून दाखवायचे, नाही जमलं तर वर्ग बंद आणि वहिनीची नोकरीही. बाई नेमक्या वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर, थोरल्या मावशींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मावशींची पाचावर धारण बसली. शिकवलेला पत्ता साफ विसरल्या आणि पत्त्याच्या जागी चक्क लिहिलं, 'खिडकीजवळची, चष्मेवाली'.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. असा पत्ता कुठलंही यंत्र घेत नाही.

मावशींनी कळ दाबली.

कोपऱ्यात ठप्प असा आवाज झाला. ओल्या डिंकाचा आणि वितळलेल्या लाखेचा वास पसरला. तेवढ्यात खिडकीजवळची चष्मेवाली आपल्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मावशी, दूध तुम्ही उतू घालवलंत, त्यात माझा काय दोष?"

मग सगळ्यांनाच चेव आला. कुणी 'माझ्याशी अबोला धरलेली' असा पत्ता घातला, तर ती धरणारी रडत-हसत उठून मिठी मारायला आली. कुणी लिहिलं, 'जिचा नवरा घोरतो ती'. ते पत्र जवळजवळ सगळ्यांनाच मिळालं. ठप्प, ठप्प, ठप्प… कोपरा दम खाईना.

"भावजी," वहिनी कुजबुजली, "ते काय वाजतंय…"

"पंखा असेल."

"पंखे बंद आहेत…"

शेवटी तपासनीसबाईंनी मुद्दाम पत्ता कोरा ठेवून दोन शब्द धाडले. ठप्प. वहिनीच्या पडद्यावर उमटलं, 'वर्ग चालू.' त्यानंतर जो गोंधळ झाला तो काय सांगू! थोरल्या मावशींनी तपासनीसबाईंनाच धरून गिरकी घ्यायला लावली.

बायका गेल्यावर मी यंत्रं बंद करायला टेबलामागे वाकलो. साऱ्या तारांची टोकं नुसती लोंबत होती. जोडखोकं माझं स्वतःचं, कालच्या चाचणीनंतर जपून पिशवीत घातलं होतं, आणि ती पिशवी दिवसभर माझ्या खांद्याला होती. वर्ग जगापासून तोडायचा होता. मी बायकांना एकमेकींपासूनही तोडून ठेवलं होतं.

खोकं बसवलं, तारा खोचल्या, वहिनीला नीट पत्ता घालून एक ईमेल धाडला. गेला, अगदी मुकाट.

आणि कोपऱ्यात कुणीतरी लांब श्वास सोडला… कामावरून सुटलेला माणूस सोडतो तसा.

तिथे भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची होती. दिवसभरात तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी बैठकीवर हात ठेवला. उबदार लागली. हात उचलला, तर बोटांना काळी शाई. ओली.