क्लोतिल्दे आली की तेल उकळतं

क्लोतिल्दे सकाळी सातलाच आली, दाराला आतून कडी लावली आणि खुर्ची दाखवली तरी दाराशीच उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची धट्टीकट्टी बाई, पण कडी नीट लागली का ते वळून वळून पाहत होती.

पेर्पेतुआ बार्रिदोचं ऑफिस रोहास शहरात एका बेकरीच्या वर आहे. पळालेले नवरे आणि हरवलेल्या मुली शोधण्यात तिची वीस वर्षं गेली, त्यामुळे घाबरलेली बाई ओळखायला तिला वेळ लागत नाही. तिचा मदतनीस गाउदेन एरवी तीनचाकी रिक्षा चालवतो. मनाचा चांगला, डोक्याने जरा सावकाश.

"आज सूर्य मावळायच्या आत गाव सोड म्हणालेत," क्लोतिल्दे म्हणाली. "नाहीतर घर पेटवणार, मला आत ठेवून. काल दारावर रॉकेल शिंपडून गेले. नुसतं दाखवायला."

"कोण?"

"ज्यांना मी या हातांनी जगात आणलं ते. सुईण आहे मी, इन्दाय, पोरी. गावातली निम्मी पोरं माझ्या हातची."

"आणि तुम्ही काय केलंत म्हणे, नानाय?" आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं पेर्पेतुआने विचारलं.

"मी आस्वांग आहे."

गाउदेनने आपली खुर्ची भिंतीला नेऊन लावली. दिवसा चारचौघींसारखी बाई आणि अंधार पडला की पोटुशीच्या पोटातलं बाळ ओढून नेणारी, ती आस्वांग. आमच्याकडे यावर हसणारे पुष्कळ आहेत, पण घरात गरोदर बाई असली की त्यांच्याही भिंतीवर तेलाची बाटली लटकते. गुड फ्रायडेला प्रार्थना म्हणत, नारळाचं दूध आटवून काढलेलं तेल, त्यात औषधी मुळ्या. आस्वांग जवळ आली की ते विस्तवाशिवाय उकळतं, असं म्हणतात.

"माझी मैत्रीण उर्सुला, तिच्या सुनेच्या उशाशी अशी बाटली आहे," क्लोतिल्दे सांगू लागली. "सुनेला आठवा महिना लागलाय. सासूने मला तीनदा पोट चोळायला बोलावलं. तीनदा मी खोलीत गेले आणि तीनदा ते तेल उकळलं. पहिल्या दोनदा सासूचाही विश्वास बसला नव्हता."

"पोटाला हात लावलात?"

"लावूच दिला नाही. हात पुढे करायच्या आतच पोर किंचाळायची. पहिल्यांदा मला खोटं वाटलं, म्हणून मी बाटलीला बोट लावलं. गार होती. खोलीत कैरीचा आंबूस वास होता, तेवढंच आठवतं." तिने आवाज खाली आणला. "इन्दाय, आता मलाच माझी भीती वाटते. झोपेत उठून कुठे जाते का मी, कळायला नको? रात्री स्वतःचा पाय खाटेला बांधून निजते."

पेर्पेतुआ उठली. "गाउदेन, रिक्षा काढ."

"आत्ता? मानांग, ताई, मी काय म्हणतो, मावळतीनंतर जर ही..."

"तोवर काम संपवायचंय. तुझा लसूण राहू दे खिशात."

गाउदेनचा हात खरोखरच खिशात होता. आस्वांगला लसूण सोसत नाही म्हणतात.

क्लोतिल्देला त्यांनी रिक्षाच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली निजवलं. गावात शिरले तेव्हा भर दुपारी दारं बंद होती. क्लोतिल्देच्या झोपडीसमोर तिघं तरुण रॉकेलचा डबा मध्ये ठेवून पत्ते खेळत होते. त्यांनी मान वर करून रिक्षाकडे पाहिलं, आणि ती पुढे जाईपर्यंत पाहतच राहिले. ताडपत्री इतकी निश्चल होती की पेर्पेतुआलाच धास्ती वाटली.

उर्सुलाचं घर उंच खांबांवर आहे. पायरीवर तिचा थोरला मुलगा अनिसेतो बसला होता. गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, तोच. धाकटा, म्हणजे त्या पोटुशी सुनेचा, आर्लिंदाचा नवरा, जहाजावर असतो.

"क्लोतिल्देची जागा समुद्राला लागून आहे ना?" पेर्पेतुआने विचारलं.

"आहे. मला तिथे धक्का बांधायचाय, हेही गावाला ठाऊक आहे. म्हणून मी म्हातारीला जाळीन?"

"तेल उकळलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दोनदा इथेच पायरीवर. तिसऱ्यांदा शहरात मीटिंगला. आलो तर सगळं गाव अंगणात." त्याने कपाळ पुसलं. "मी त्यांना थांबवतोय, बाई. पण उद्या माझ्या भावाच्या बाळाला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

स्वयंपाकघरात उर्सुला नारळ खवत होती. शेजारी तेलाची मोठी बरणी. भाजल्या खोबऱ्याचा वास तिच्या केसांना, कपड्यांना, भिंतींनाही होता.

"ती बाटली मीच भरली, याच बरणीतून," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात दुसरं तेल येत नाही. तळणीला हेच, केसांना हेच, तान्ह्याच्या टाळूला हेच."

"सूनबाई पण हेच वापरतात?"

"ती मनिलाची. म्हणे वास सोसत नाही. दुकानातलं रिफाइंड आणते, त्यातच अंडं तळते, तेच पोटाला आणि केसांना लावते. ना वास, ना चव. तेल कसलं, पाणी ते."

"बाकी काही त्रास?"

"जळजळ. खाण्याचा सोडा घेते पाण्यातून."

"तेल उकळलं तेव्हा तुम्ही?"

"जिन्यावर. माझे गुडघे हे असे, तिन्ही वेळा क्लोतिल्देचाच हात धरून चढले." उर्सुलाने छातीवर क्रूस केला. "चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या पानातलं जेवले मी. रात्री ते आठवतं आणि अंगावर काटा येतो. आर्लिंदाचं आधीचं चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हा मी तिलाच बोलले होते, की तुझ्यातच काहीतरी आहे म्हणून. आता कळतंय, ते हिचं काम."

वरच्या खोलीत आर्लिंदा खाटेवर बसली होती. पंचविशीची, गोरीपान, डोळ्यांखाली काळं. उशाच्या टेबलावर रिफाइंड तेलाची बाटली, सोड्याची डबी आणि कैरीच्या फोडी बुडवायला माडीच्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, वाटी.

"ती गावात असेतो मला झोप नाही," ती म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती. हाताची नखं तिने कुरतडून रक्त काढलं होतं.

"बाळंतपण इथेच?"

"नाही. पुढच्या आठवड्यात इलोइलोला, मावशीकडे."

तेवढ्यात गाउदेनच्या खिशातली लसणाची गड्डी घरंगळत खाटेखाली गेली. आर्लिंदा चटकन कमरेत वाकली, हात आत घालून ती काढली आणि त्याला दिली. "असू द्या जवळ," ती म्हणाली.

पेर्पेतुआने उशावर भिंतीला लटकणारी बाटली खाली घेतली. तोंडाला बांधलेलं लाल फडकं ओलसर होतं. आत तेल स्वच्छ, मुळ्या नाहीत, तळाला पांढरा साका. तिने फडकं सोडून बाटली गाउदेनच्या नाकाला लावली.

"कसला वास?"

"कसलाच नाही, मानांग." तो कुजबुजला. "भुताटकीला वास नसतो म्हणतात."

खाली माणसं जमायला लागली होती. चौकशीत दुपार सरली होती, पाच वाजून गेले होते. पेर्पेतुआने अनिसेतोला बजावलं, "जिन्याशी उभे राहा आणि मी सांगेपर्यंत कुणाला वर सोडू नका." मग गाउदेनला मागच्या दाराने पाठवून तिने क्लोतिल्देला वर आणवलं.

उर्सुला भिंतीला चिकटली. आर्लिंदाने पाय वर ओढून घेतले.

"बघा," पेर्पेतुआ म्हणाली. बाटली तिने दोन्ही हातांत धरली होती. "क्लोतिल्दे, इकडे या. अजून जवळ. हात लावा."

क्लोतिल्देने डोळे मिटून हात लावला. तेल हललंही नाही. गाउदेन मनातल्या मनात आकडे मोजत होता आणि पन्नासपर्यंत पोचला.

"आता हे बघा." पेर्पेतुआने टेबलावरचा चमचाभर शिरका बाटलीत ओतला. थेंब तेलातून खाली गेले, साक्याला लागले आणि तळापासून बुडबुडे उसळत वर आले. गाउदेन दारापर्यंत मागे गेला.

"सोडा आणि शिरका," ती म्हणाली. "विस्तव नाही, म्हणून बाटली गार. आणि म्हणून खोलीत आंबूस वास. उर्सुला आजी, या तेलाचा वास घ्या."

उर्सुलाने बाटली नाकाशी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "हे माझं नाही."

"नाही. कुणीतरी मुळ्या काढल्या, तळाला सोडा घातला आणि रिफाइंड तेल भरलं. तुमच्या घरात वाढलेल्या माणसाने हे केलं नसतं. वास नसलेलं तेल त्याला तेलच वाटत नाही. अनिसेतोने केलं असतं तर तुमच्याच बरणीतून घेतलं असतं. शिवाय तिसऱ्या वेळी तो इथे नव्हता. तुम्ही तिन्ही वेळा जिन्यावर होतात. बाटलीजवळ तिन्ही वेळा एकच माणूस होतं. जिन्यावर पावलं वाजली की फडक्यावर शिरका ओतायचा, मग किंचाळायचं."

आर्लिंदाने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

"पण का?" गाउदेनने विचारलं. "हिने काय वाईट केलं होतं तिचं?"

"क्लोतिल्देने काहीच केलं नव्हतं. तिच्या हातांची भीती होती. तेल कधी उकळलं? दर वेळी पोटाला हात लागायच्या आत. आणि आठव्या महिन्यातली बाई खाटेखाली वाकून लसूण काढत नाही, गाउदेन. तू काढला असतास त्याहून लवकर काढला तिने." पेर्पेतुआ खाटेच्या कडेवर बसली. "कधी गेलं, इन्दाय?"

आर्लिंदाने पोटावरचं कापड सोडवलं. आतून दुमडलेली चादर निघाली.

"जानेवारीत," ती म्हणाली. "इलोइलोला तपासायला गेले होते, तिथेच. एकटी होते. मागच्या वेळी आई म्हणाल्या होत्या, तुझ्यातच काहीतरी आहे. दुसरंही गेलं म्हटलं असतं तर या गावाने मलाच आस्वांग ठरवलं असतं. मी परकी. माझ्या बाजूने कोण बोलणार होतं? म्हटलं, इलोइलोला जाईन, रिकामी परत येईन, आणि म्हणेन की तिने नेलं." ती क्लोतिल्देकडे पाहू शकली नाही. "नुसतं गावाबाहेर घालवतील असं वाटलं. रॉकेल आणतील असं नव्हतं वाटलं. आणि नंतर मला थांबवता येईना."

जिन्यावरून अनिसेतो ओरडला, "आई, मला आवरत नाहीत हे लोक."

पेर्पेतुआने उर्सुलाकडे पाहिलं. "खाली कुणीतरी काहीतरी सांगायला हवं. मी सांगितलं तर खरं ते सगळं सांगेन, आणि मग ते रॉकेल या खोलीसाठी वर येईल. सूर्य मावळायला अर्धा तास आहे."

उर्सुलाने ती दुमडलेली चादर उचलून पाहिली आणि खाटेवर ठेवली. मग क्लोतिल्देच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "जिन्यापर्यंत चल," ती मैत्रिणीला म्हणाली, आणि दाराशी पोचल्यावर, "नको. तू तिच्यापाशी बस. बघ तिला. तीन महिने कुणी बघितलेलं नाही."

जिन्याच्या वरच्या पायरीवर ती एकटीच कठड्याला धरून उभी राहिली. खाली चाळीस माणसं, तीन डबे.

"तेल मी बिघडवलं," ती म्हणाली. "गुड फ्रायडेला नारळ कमी पडले, मी दुकानातलं तेल घातलं, सोड्याची बाटली न धुता भरली, शिरका पडला की फसफसते ती. तुम्हाला सांगायची लाज वाटली. पाप माझं आहे. क्लोतिल्देला हात लावायचा असेल तर आधी मला लावा."

कुणीतरी मागून विचारलं, "आणि बाळ?"

"बाळ नाही. जानेवारीत गेलं. कुणी नेलं नाही. जातात तसं गेलं, माझी दोन गेली होती तसं. तेव्हा मला कुणी काही बोललं नव्हतं, आणि मी मात्र सुनेला बोलले, म्हणून तिने लपवलं."

एक डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरा. तिसरा ज्याच्या हातात होता तो पोरगा तसाच उभा राहिला, पण त्याच्या आईने येऊन त्याचा दंड धरला.

वर खोलीत क्लोतिल्देने आर्लिंदाच्या पोटावर हात ठेवला होता. खालचा शब्द न शब्द ऐकू येत होता. सासूचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि आर्लिंदा रडायला लागली, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तीन महिन्यांत ती आपल्या बाळासाठी पहिल्यांदाच रडत होती आणि क्लोतिल्देने तिला गप्प केलं नाही.