सहा पिंपांची जागा

तो माझ्या पिंपाला कान लावून बसला होता! फणस पिकलाय का ते बघावं तसा बोटांनी वाजवत... आणि मी, आमच्या सर्वण गावाहून टेंपोत हाडं खिळखिळी करून वास्कोच्या गोदामात पोचलेली, बघतच राहिले.

"हें वचना, बाय." कंटेनरात माल रचणाऱ्या त्या माणसाने नकाराची मान हलवली.

"कित्याक?"

"काठोकाठ भरलां. बोटीर गरमेन फुगतलें, झाकण उडटलें."

काठोकाठ मीच भरलं होतं. बाबा काजूच्या टरफलांच्या तेलाचं वार्निश करतात, आणि मापात थेंब कमी पडलेला त्यांना खपत नाही. ते वार्निश पहिल्यांदाच समुद्रापार निघालं होतं, आफ्रिकेतल्या एका होड्या बांधणाऱ्याकडे. माल पेट घेणारा, त्यातून सहाच पिंपं... एवढ्याशासाठी अख्खा कंटेनर कोण देणार? दहा जणांच्या तसल्याच मालाबरोबर कशीबशी जागा मिळाली होती. कंटेनर पाचला बंद होणार होता. पुढचा महिन्याने, आणि गिऱ्हाईक तोवर थांबणार नव्हतं.

"मातशे दोळे धांपात," त्याने डोळेझाक करावी म्हणून मी लाडीगोडी लावली. "कोणाक कळटलें?"

"माका कळटलें." त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "भितर आनीक धा जाणांचो माल आसा. बोटीर माणसां आसात. हांगा उघडूंक मेळना, घरा व्हरून चार बोटां उणें कर. हांव जागो धरतां."

"नाव कितें तुमचें?" मी फणकारले.

"सुदेश. पेडण्याचो. कागाळ करता जाल्यार स्पेलिंग सांगूं?"

पिंपं परत घरी न्यायची? असा राग आला! आमचा ड्रायव्हर बाबली पिंपं परत चढवून टेंपो वळवू लागला. वाटेतला पूल ओलांडेपर्यंत मी त्या माणसाला मनात शिव्या घालत होते. पुलानंतर मात्र त्याचे डोळेच आठवत राहिले... कमालच झाली म्हणायची माझी.

प्रत्येक पिंपातून चार बोटं वार्निश काढून परत पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. कंटेनरचं एकच दार उघडं होतं. मी आत डोकावले — आणि श्वास रोखून उभी राहिले. अत्तरांची खोकी, बुटांच्या गोंदाचे डबे, रंगाचे कॅन... छतापर्यंत रचलेले, मध्ये फळ्या, वरून पट्टे. एक डबा बोटभर हलेल तर शपथ. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत, अशा बोटीवरच्या माणसांसाठी कोणी इतकं जपतं?

आणि मधल्या रिकाम्या जागेत, घामाने निथळत, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन सुदेश बसला होता.

"तुमी... हांगा?"

"उठलों आसतों जाल्यार दुसऱ्याचो माल चडलो आसतो. साहेब दोन खेपे बोब मारून गेले. हांवें म्हळें, माका भितर घालून बंद करात!"

मी खळखळून हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने सहाही पिंपं वाजवून पाहिली, मान डोलावली. पिंपं आत गेली. दार लागलं. सील ठोकलं की संपलंच. मग वास्कोला यायला मला निमित्त कुठलं? हा माणूस मला हवा होता.

"घरा कोण आसा तुमच्या?"

"आवय."

"तिका आयतारा सर्वणा धाडात."

"कित्याक?"

"माका मागणी घालूंक!"

त्याच्या हातातलं सील खाली पडलं. बाबलीने ते उचलून त्याच्यापुढे धरलं... पण सुदेशला ते दिसेचना.